निधी आला, नियमही सैलावले. पण संशोधनाचा कारभार कोण पाहणार?

देशातील संशोधनाविषयी चर्चा सुरू झाली की ती बहुधा निधीच्या टंचाईपाशी येऊन थांबते. ही टंचाई खरीच आहे. संशोधन आणि विकासावरील भारताचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के एवढाच आहे आणि त्याबद्दल पुरेसे लिहिले-बोललेही गेले आहे. मात्र मंजूर झालेला निधी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो कसा, तो खर्च कोण करतो आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो, या प्रश्नाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. विद्यापीठांतील संशोधनाची खरी अडचण आता याच ठिकाणी होऊ लागली आहे.

गेल्या काही वर्षांत केंद्राच्या धोरणात बरीच हालचाल झाली. २०२३ मध्ये 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'चा कायदा संमत झाला आणि जुने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ या नव्या प्रतिष्ठानात विलीन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट त्यात असून त्यापैकी सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, दानशूर संस्था आणि इतर स्रोतांतून येतील, अशी अपेक्षा आहे. राज्य विद्यापीठे संशोधनात मागे आहेत, त्यांना बळ द्यावे, हा या प्रतिष्ठानाच्या स्थापनेमागील एक प्रमुख युक्तिवाद होता. जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम शिथिल केले. निविदेविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर, तर खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर नेण्यात आली. दोनशे कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकारही संस्थाप्रमुखांना मिळाला.

हे निर्णय स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. परंतु ही सवलत मुख्यत्वे केंद्रीय खाती व त्यांच्या अखत्यारीतील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांपुढे राज्य शासनाची डिसेंबर २०१६ ची खरेदी कार्यपद्धती असते, विद्यापीठाची स्वतःची लेखासंहिता असते आणि निधी देणाऱ्या संस्थेच्या अटी असतात त्या निराळ्याच. या तीन वाटा जेथे एकत्र येतात, तेथे बहुतेक विद्यापीठांत कुणीही जाणकार बसलेला नसतो. तेथे असतो तो स्वतः प्राध्यापक, हातात फाइल घेऊन.

प्रकल्पाचे अदृश्य काम

एखादा संशोधन प्रकल्प मंजूर होणे म्हणजे केवळ वैज्ञानिक कल्पनेवर शिक्कामोर्तब होणे नव्हे. प्रस्ताव तयार करतानाच अंदाजपत्रक नियमांत बसवावे लागते. मंजुरीनंतर स्वतंत्र खाते उघडणे, प्रकल्प सहायकाची जाहिरात व निवड, उपकरणांच्या निविदा, सीमाशुल्क व वस्तू-सेवा कराची प्रकरणे, दरवर्षी उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षण ही कामे ओळीने येतात. विषय आरोग्याचा असेल तर नीतिसमितीची मान्यता लागते. परदेशी भागीदार असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही. वनस्पती वा जिवाणूंचे नमुने परदेशी पाठवायचे तर २००२ चा जैवविविधता कायदा आडवा येतो. परदेशातून पैसा यायचा तर विदेशी योगदान नियमन कायदा. उद्योगाशी करार असेल तर पेटंट कुणाच्या नावे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क कुणाचा, हे आधीच ठरवून घ्यावे लागते.

यांतील एकही काम रसायनशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाला त्याच्या शिक्षणात कुणी शिकविलेले नसते. नियमही स्थिर नसतात. संशोधन संस्थांना काही उपकरणांवर मिळणारा पाच टक्क्यांचा सवलतीचा कर जुलै २०२२ मध्ये रद्द झाला आणि जुन्या दराने अंदाजपत्रक बांधलेल्या प्रकल्पांची गणिते बिघडली. संशोधन अनुदानावरच वस्तू-सेवा कर भरावा, अशा नोटिसा २०२४ मध्ये काही नामांकित संस्थांना गेल्या. अखेर ९ सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत कर परिषदेने कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना व संशोधन केंद्रांना त्यातून वगळण्याचा निर्णय घेतला. मोठ्या संस्थांकडे अशा वेळी उत्तर द्यायला यंत्रणा असते. लहान विद्यापीठातील विभागप्रमुखाने काय करावे?

या साऱ्याची झळ सर्वांत आधी बसते ती संशोधक विद्यार्थ्याला. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. कागदावर ही रक्कम बरी दिसते. पण आदल्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचले नाही की पुढचा हप्ता अडतो आणि विद्यार्थ्याचे विद्यावेतन थांबते. त्यात केंद्राने निधीवाटपाची पद्धत बदलून शिल्लक रक्कम वर्षअखेरीस परत घेण्याचा दंडक कडक केला. ३१ मार्चच्या आत पैसा खर्च झाला नाही तर तो परत जातो. आणि नवा हप्ता कधी येईल याची शाश्वती नसते. 'इन्स्पायर' अधिछात्रवृत्तीधारकांना २०२४-२५ मध्ये अनेक महिने विद्यावेतनाविना काढावे लागले, तेव्हा दोष केंद्रीय यंत्रणेचा होता. परंतु वसतिगृहाचे भाडे थकलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने दिल्लीतील विलंब आणि विद्यापीठाच्या लेखा विभागातील विलंब यांत फरक उरत नाही. फरक इतकाच, की दुसरा विलंब विद्यापीठाला स्वतः टाळता येण्यासारखा आहे.

जगाने काय केले?

हे काम स्वतंत्र व्यवसाय आहे, हे पाश्चात्त्य विद्यापीठांनी फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत विद्यापीठीय संशोधन प्रशासकांची राष्ट्रीय परिषद १९५९ मध्येच स्थापन झाली. तरीही तेथील अनुभव सावध करणारा आहे. संघीय निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांतील प्राध्यापकांच्या २००५ च्या पाहणीत संशोधनाच्या वेळेपैकी ४२ टक्के वेळ प्रशासकीय कामांत जातो, असे आढळले. २०१८ च्या पाहणीत हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे प्रशासक नेमले की कागद कमी होतात, असे नाही. कागद वाढविणारे सरकार आणि ते निस्तरणारे विद्यापीठ अशी ही शर्यत असते. ज्यांच्याकडे ते निस्तरणारेही नाहीत, त्यांच्या प्राध्यापकांचा किती वेळ जात असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या व्यवसायाचा पगार येतो कोठून, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेत प्रकल्पाच्या थेट खर्चावर 'अप्रत्यक्ष खर्च' म्हणून वेगळी रक्कम मिळते आणि अनेक विद्यापीठांत तिचा दर ५० टक्क्यांहून अधिक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील आरोग्य संशोधन संस्थेने हा दर सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, तेव्हा विद्यापीठे न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तो निर्णय रोखला. आपल्याकडे अनेक सरकारी योजनांत हा वाटा १० टक्क्यांच्या आसपास असतो. तोही विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जमा होतो आणि वीज-पाणी, दुरुस्ती यांत विरून जातो. संशोधनाच्या कारभारासाठी म्हणून आलेला पैसा त्या कारभारावर खर्च होत नाही, ही यातील विसंगती आहे.

पदे आहेत, माणसे नाहीत

भारतात याचे भान अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या आयआयटीत संशोधन व विकासाचे अधिष्ठाता आणि त्यांच्या हाताखाली औद्योगिक संशोधन व सल्ला केंद्र ही यंत्रणा आहे. 'इंडिया अलायन्स'ने २०१८ मध्ये संशोधन व्यवस्थापनासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये प्रत्येक उच्चशिक्षण संस्थेत संशोधन व विकास कक्ष असावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये संशोधन मंडळाची तरतूद आहे. नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी संचालकाचे पदही आहे.

मंडळे आणि कक्ष अशा रीतीने कागदोपत्री सिद्ध आहेत. पण मंडळ धोरण ठरवते. निविदेचा मसुदा लिहीत नाही. कक्षाचे समन्वयकपद एखाद्या प्राध्यापकाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून येते. त्याला हाताशी मिळतो तो कंत्राटी लिपिक, जो काम शिकेपर्यंत त्याची मुदत संपते. अध्यापकांचीच पदे वर्षानुवर्षे रिक्त असताना प्रशासकीय पदे मागायची कशी, असा कुलगुरूंचा सवाल असतो. तो गैरवाजवी नाही. मात्र अध्यापक कमी असल्यामुळेच आहेत त्यांचा वेळ कारकुनीत घालविणे अधिक महाग पडते, हेही तितकेच खरे.

विद्यापीठांत आधीच बाबूशाही बोकाळली असताना आणखी एक टेबल कशाला, हा आक्षेपही घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. नवा अधिकारी फाइलवर आणखी एक सही करणारा ठरला तर तो नसलेलाच बरा. त्याची कसोटी साधी असावी : प्राध्यापकाच्या हातचा किती कागद त्याने आपल्याकडे घेतला आणि विद्यावेतन किती वेळेवर झाले. नियम ओलांडले जात असतील तर वेळीच नकार देण्याचे कामही त्याचेच आहे. कारण लेखापरीक्षणातील आक्षेपाचे उत्तर अखेर त्या प्राध्यापकालाच, कधीकधी निवृत्तीनंतरही, द्यावे लागते.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रकल्पांवरील दहा टक्क्यांचा ठरावीक हिस्सा संशोधन कार्यालयासाठीच राखून ठेवता येईल. राज्य शासनाला केंद्राच्या धर्तीवर संशोधन उपकरणांसाठी खरेदीच्या मर्यादा वाढविता येतील. एकट्याला परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन विद्यापीठांना मिळून कायदा व करविषयक जाणकार नेमता येईल. पगार थांबू नयेत म्हणून विद्यापीठाच्या निधीतून आगाऊ विद्यावेतन देऊन नंतर ते वळते करून घेता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. व्यवस्थापन परिषदेचे ठराव, राज्य शासनाचा एखादा आदेश आणि तो अमलात आणणारा माणूस लागतो.

नव्या प्रतिष्ठानाचा निधी स्पर्धेतून मिळणार आहे. ज्यांच्याकडे प्रस्ताव घडविणारी आणि हिशेब वेळेवर देणारी यंत्रणा आहे, त्यांच्याकडेच तो वळेल. राज्य विद्यापीठांसाठी म्हणून आखलेला पैसाही पुन्हा मूठभर संपन्न संस्थांकडे गेला, तर तो दोष त्यांच्या प्राध्यापकांच्या बुद्धीचा नसेल. त्यांच्या विद्यापीठांनी रिकाम्या ठेवलेल्या त्या एका खुर्चीचा असेल.