डोळा एक, टक्के दोन: मग खोटं प्रमाणपत्र कोणतं?

लेथवर काम करताना लोखंडाचा कण उडून एका कामगाराचा उजवा डोळा गेला. तो काढावा लागला. डावा डोळा उत्तम आहे. भायखळ्यातल्या माझ्या दवाखान्यात ते दोन कागद घेऊन आले. ईएसआयसीच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदावर 40 टक्के, दिव्यांग प्रमाणपत्रावर 30 टक्के. "डॉक्टर, यातलं खोटं कोणतं?"

सध्याच्या वातावरणात हा प्रश्न पडणारच. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी होते आहे. बनावट कागद पकडलेच पाहिजेत. पण दोन आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून माणूस खोटा ठरत नाही. इथे दोन्ही कागद खरे आहेत.

प्रश्नच वेगळे आहेत

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार होणारी तपासणी विचारते: शरीराचं काम किती कमी झालं? कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि मोजमापासाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत (2018, सुधारित मार्च 2024). एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा चांगला असेल, तर 30 टक्के.

ईएसआय कायदा, 1948 (नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू) विचारायचा: कामावरच्या इजेमुळे कमावण्याची क्षमता किती घटली? त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक डोळा गमावल्यास 40 टक्के लिहिलं होतं. ईएसआय लागू नसलेल्या कामगारांसाठी तेव्हा 1923 चा भरपाई कायदा होता. त्यातही हाच आकडा होता.

न्यायालयात तिसराच आकडा निघू शकतो. कोपराच्या वर डावा हात कापावा लागलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये 100 टक्के अक्षम मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. अपघाताच्या दाव्यांतही इजा किती, यापेक्षा त्या माणसाच्या धंद्यावर तिचा काय परिणाम झाला हे पाहतात.

एका कागदावर सगळं मिळत नाही

- सरकारी नोकरीतलं आरक्षण: 2016 च्या कायद्याखाली किमान 40 टक्के. ईएसआयसीचे 40 टक्के इथे चालत नाहीत.
- संजय गांधी निराधार योजना: किमान 40 टक्के, शिवाय उत्पन्नाची अट.
- केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन: 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब.
- रेल्वे भाडेसवलत: इथे टक्केवारीपेक्षा प्रकार महत्त्वाचा. उदाहरणार्थ, दृष्टीच्या बाबतीत पूर्ण अंधत्व लागतं.

यूडीआयडी कार्डाचा रंगही हेच सांगतो: 40 पेक्षा कमी असल्यास पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 पासून पुढे निळं.

तुम्ही काय करावं?

1. लाभ कोणता हवा ते आधी ठरवा, मग तपासणीला जा. माझ्यासारखा खासगी डॉक्टर दिव्यांग प्रमाणपत्र देऊ शकत नाही. ते अधिकृत वैद्यकीय प्राधिकरणच देतं.
2. अपघाताची नोंद, डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट जपून ठेवा. प्रत्येक मंडळ ते नव्याने मागतं.
3. एका मंडळाचा कागद दुसऱ्याला दाखवा, लपवू नका. तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण त्यावरचा आकडा दुसऱ्या मंडळावर बंधनकारक नसतो.
4. निर्णय पटला नाही तर अपील करा. दोन्हीकडे तशी सोय आहे. मुदत निर्णय मिळताच विचारून घ्या.
5. दुसरं दिव्यांगत्व असेल तर तेही तपासून घ्या. मात्र तिथे साधी बेरीज होत नाही. सूत्रानुसार 30 आणि 20 मिळून 50 नव्हे, सुमारे 43 टक्के होतात.

त्या कामगाराला मी सांगितलं, ईएसआयसीकडून कायमच्या अपंगत्वाचा मासिक लाभ तुमचा हक्क आहे, तो घ्या. "मग 30 चे 40 करून देता येतील का?" त्यांनी विचारलं. तसं करणं म्हणजेच बनावट कागद. पण बोलताना ते प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायला लावत होते. वीस वर्षं मशीनच्या आवाजात काढली आहेत त्यांनी. त्यांचे कान आजवर कुणी तपासले नव्हते. मी कानाच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.