एका फडक्यात वीस गाड्या

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय ऐकून हसाल. खुशाल हसा! विषय आहे गाडी पुसायचं फडकं.

आपल्या जुन्या घरांत फडक्यांची केवढी शिस्त होती आठवा. देवाचं वस्त्र वेगळं, ताटवाट्या पुसायचं वेगळं, ओट्याचं वेगळं, चुलीपाशी गरम भांडी धरायचं मसोतं वेगळं, आणि जमिनीचं पोतेरं तर पार कोपऱ्यात. ओट्याचं फडकं चुकून जमिनीला लागलं तर धुतल्याशिवाय परत ओट्यावर यायचं नाही. आजीला कुणी हे शाळेत शिकवलं नव्हतं. मळ एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा नाही, एवढं साधं शास्त्र तिला ठाऊक होतं.

आता आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये या. दहा-बारा लाखांची गाडी आणि ती पुसायला टाकून दिलेलं बनियन! पहाटे एक पोरगा येतो. अर्धी बादली पाणी, एक फडकं, वीस गाड्या. त्याच फडक्याने चाक, त्यानेच दार, त्यानेच काच. पाचव्या गाडीला बादलीतलं पाणी चहासारखं होतं आणि पंधराव्या गाडीला गाळ उरतो. मग एखाद्या रविवारी मालक उन्हात उभे राहतात, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, आणि बोलणी कुणाला? त्या पोराला. "नीट पुसता येत नाही का रे?"

माझं भांडण या मालकांशी आहे. विद्यार्थ्याला तुटकी पेन्सिल द्यायची आणि अक्षर वाईट म्हणून छडी मारायची, त्यातला हा प्रकार. फडकं तुम्ही दिलं नाही, पाणी बदलायला सवड दिली नाही, आणि ओरखडा मात्र त्याचा!

ओरखडा का पडतो तेही सांगतो. आपलं शहर बेसाल्टवर बसलेलं आहे. वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात कोरलं, तोच हा काळा दगड. त्याचा बारीक चुरा इथल्या धुळीत असतो. त्यातल्या फेल्डस्पार, पायरोक्झीन या खनिजांची कठीणता मोहच्या मापावर ५ ते ६ च्या घरात, आणि वाळूतल्या क्वार्ट्झची ७. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण माणसाच्या केसापेक्षाही पातळ, आणि या खनिजांपुढे अगदी मऊ. म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ पुसणं हे पॉलिश पेपर घासण्यासारखंच आहे. फक्त हळूहळू होतं म्हणून कळत नाही.

यावर आमच्यातल्या काही मंडळींचा उपाय म्हणजे पाइप. नळाला पाइप लावायचा आणि गाडीला यथासांग अभिषेक! त्यांना मी एक साधं गणित घालतो. आमच्या नळाखाली २० लिटरची बादली दोन मिनिटांत भरते. म्हणजे मिनिटाला १० लिटर. पंधरा मिनिटं पाइप चालला तर १५० लिटर. शहरांच्या पाणी योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे एका आंघोळीत गाडी एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी पिते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आलं होतं. अख्ख्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. पाइपवाल्यांच्या हिशेबाने ते पाणी साडेतीन हजार मोटारीही धुवायला पुरलं नसतं. बेंगळुरूने तर २०२४ साली पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५००० रुपये दंड लावला.

आणि आपण कोण? मलिक अंबरने डोंगरातलं पाणी नहरींनी ज्या गावात खेळवलं, त्या गावचे लोक. जायकवाडीचं धरण १९७६ पासून पैठणला उभं असूनही नळाला पाणी कोणत्या वारी येणार याचा हिशेब कॅलेंडरवर मांडत ज्यांनी वर्षानुवर्षं काढली, ते लोक. याच शहरात २०१० च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या, तेव्हा देशभर कौतुक झालं होतं. मलाही अभिमान वाटला. पण गाडी घेण्याची ऐपत ही अर्धीच गोष्ट. शेजारच्या गल्लीत टँकरपुढे हंडे लागलेले असताना ती कशी धुवायची, हे कळणं उरलेली अर्धी.

तर मग करायचं काय? फडकं बदलायचं. मायक्रोफायबरचं घ्यायचं.

हे कापड म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉन, बहुधा ८० आणि २० किंवा ७० आणि ३० अशा प्रमाणात. चांगल्या कापडाचा प्रत्येक धागा संत्र्याच्या फोडींसारखा उभा चिरलेला असतो. त्या फोडींमधल्या फटींत धूळ आणि पाणी शिरून बसतं. साधं सूत मळ पुढे ढकलतं, हे कापड तो उचलून स्वतःत घेतं.

बाजारात नावाला मायक्रोफायबर पुष्कळ मिळतं. दोन परीक्षा सांगतो. तळहातावरून फिरवा. चिरलेल्या धाग्याचं कापड खरखरीत कातडीला किंचित अडकतं, गुळगुळीत सरकलं तर ठेवून द्या. दुसरी परीक्षा वजनाची. गाडीच्या अंगासाठी चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचं कापड बरं. ४० सेंटिमीटर बाजूचा रुमाल म्हणजे ०.१६ चौरस मीटर. पाकिटावर ३५० लिहिलं असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ५६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ३० च भरला तर दुकानदाराला जाऊन विचारा. काचेला मात्र पातळ, कमी लव असलेलं घ्या. काठाची शिवण टणक असेल तर तीही घासते, आणि लेबल आधी कापून टाका.

पण कापड बदलून सवय तीच ठेवली तर पैसे फुकट. जाड धुळीवर हे कापडही कोरडं घासायचं नाही. दोन बादल्यांत मिळून दहा-बारा लिटर पाणी, एकीत थोडा गाडीचा शॅम्पू. कापड चिंब भिजवून, न दाबता, टपापासून खाली यायचं. घडीवर घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. आठही संपल्या की साध्या पाण्यात खळबळून पिळायचं. चाकांचं कापड वेगळं, आणि ते पुन्हा कधीही वर चढवायचं नाही. जमिनीवर पडलेलं कापड धुतल्याशिवाय वापरायचं नाही. शेवटी कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं, नाहीतर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग उरतात. पावसाळ्यात चिखल असेल तर आधी दोन-चार तांबे पाणी ओता, त्याला माझी ना नाही.

धुताना सुती कपड्यांत टाकू नका, त्यांची लव याला चिकटते. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रावण तर मुळीच नको. त्याचा थर फटींत बसतो आणि कापड मुकं होतं. कढत पाणी नको, इस्त्री नको. सावलीत वाळवून डब्यात ठेवा.

आता एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे. सूनबाई म्हणाली, "बाबा, पण हे प्लॅस्टिकच ना?" आहेच. धुताना त्याचे सूक्ष्म धागे सुटतात, गटारात जातात, गटारं खाम नदीला मिळतात, खाम नाथसागराला, आणि नाथसागराचं पाणी आपण पितो. म्हणून तर जपायचं. तीस स्वस्त कापडांचा गठ्ठा आणून महिन्याला फेकायचा नाही. सहा चांगली घ्या, थंड पाण्यात हाताने धुवा, वर्षानुवर्षं वापरा. गाडीच्या कामातून उतरलं की चाकाला, चाकाच्या कामातून उतरलं की सायकलच्या साखळीला. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला हवं का? हिमरू आणि पैठणीच्या मुलखातली माणसं आपण. कापडाची किंमत आपल्याला नाही कळायची तर कुणाला?

राहता राहिला तो पोरगा. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. प्रत्येक मालकाने आपल्या गाडीची तीन कापडं स्वतःची ठेवायची: एक अंगाचं, एक काचेचं, एक चाकांचं. ती धुण्याची जबाबदारीही मालकाची. पाणी दर दोन गाड्यांनंतर बदलायचं. आणि वीस गाड्यांचं काम घाईत उरकून घेण्यापेक्षा त्याला दहाच गाड्या द्यायच्या, मोबदला मात्र वीसचा. "सर, हे जरा जास्त होतंय," असं एक-दोघांनी आत्ताच ऐकवलंय. होऊ दे जास्त. रंग उडाल्यावर गॅरेजवाल्याला हजारो रुपये मोजताना तुम्हाला जास्त वाटत नाही, आणि रोज पहाटे थंडीत गार पाण्यात हात घालणाऱ्याला शे-दोनशे वाढवताना वाटतं?

तुमच्याकडे काय पद्धत आहे ते जरूर लिहा. पुण्या-मुंबईच्या भाचेमंडळींनी तर लिहाच. पण त्याआधी खाली पार्किंगमध्ये जाऊन तुमच्या गाडीवर फिरणारं फडकं एकदा हातात घेऊन बघा. ते तुम्ही आपल्या घरातल्या ओट्यावर ठेवाल का?