ओळख आणि वशिला

आपल्या वसतिगृहात वाढलेली अनेक मुलेमुली आज पदवीधर होत आहेत. त्यांतील बहुतेकांच्या घरातील ही पहिलीच पदवी असते. पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, आणि पुढे कित्येक महिने त्या घरात एकच प्रश्न घुटमळत राहतो : नोकरीचे काय झाले? स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाविषयी आम्हा माजी विद्यार्थ्यांना काही स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

नोकरी पदवीच्या मागून आपोआप येत नाही. तिचा शोध हे एक स्वतंत्र काम आहे आणि ते महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करावे लागते. ज्यांचे वडील, काका, मामा कार्यालयांत काम करतात, त्यांच्या मुलांना जागा कोठे निघणार, अर्ज कसा करावा, मुलाखतीत काय विचारतात, हे घरी जेवताजेवताच कळते. आपल्या मुलांजवळ गुणवत्ता कमी नसते; कमी असते ती ही माहिती. आणि ती विचारण्यास ती संकोचतात, कारण वशिल्याचा फटका पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजाला कोणाकडे शब्द टाकणे कमीपणाचे वाटते. अपात्र माणसाला जागा द्या, असे म्हणणे हा वशिला. तुमच्या कार्यालयात काम कसे चालते, त्यासाठी मी काय शिकू, असे विचारणे ही ओळख. वशिला दुसऱ्याचा हक्क हिरावतो. ओळख कोणाचेही काही घेत नाही. तेव्हा आमच्या धाकट्या भावंडांनो, निःसंकोच विचारा.

स्पर्धा परीक्षांविषयी बोलणे नाजूक आहे, तरी बोलले पाहिजे. प्रशासनात आपली माणसे असावीत ही आकांक्षा योग्यच आहे. परंतु पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत तिशी ओलांडलेली मुले बसलेली दिसतात आणि गावी मजुरी करणारी आई त्यांच्या खोलीचे भाडे पाठवीत असते. राज्यसेवेसाठी मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे. तेवढी वर्षे थांबलेच पाहिजे, असा तिचा अर्थ नाही. किती वर्षे प्रयत्न करायचा, हे पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर ठरवावे आणि सोबत उत्पन्नाचे एखादे काम धरावे.

असे काम धरण्यात कमीपणा नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत असताना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही आणि ती नोकरी सोडावी लागली. मुंबईस परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून साठवलेले पैसे आणि स्नेह्यांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० साली ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. मिळेल त्या कामाने त्यांचे ध्येय लहान झाले नाही.

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर एक उपाय शिकाऊ उमेदवारीचा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही ही वाट खुली झाली आहे. विद्यावेतन थोडे असते, पण कामाची शिस्त आणि प्रमाणपत्र हाती येते.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष झाल्यामुळेही हातची संधी जाते. जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळीच मिळवावे. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. परंतु केंद्राच्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या विहित नमुन्यातच लागतो. तो जाहिरात निघण्यापूर्वी काढून ठेवावा. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही पाहावे.

पालकांना एकच विनंती. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या हाती जमीन किंवा दागिने विकून रक्कम देऊ नका. खरी नोकरी देणारा उमेदवाराकडून अनामत मागत नाही.

शेवटचे सांगणे आम्हा माजी विद्यार्थ्यांनाच आहे. आपण बँकांत, शाळांत, कारखान्यांत, रुग्णालयांत, सरकारी कचेऱ्यांत पोहोचलो आहोत. वर्धापनदिनाला देणगी देऊन आपले कर्तव्य संपत नाही. आपण कोठे आणि कोणते काम करतो, याची नोंद प्रत्येकाने शाळेच्या कार्यालयात द्यावी. वर्षातून एक रविवार वसतिगृहात येऊन मुलांचे अर्ज तपासावेत, त्यांच्या सरावाच्या मुलाखती घ्याव्यात. घरात विचारायला कोणी नसलेल्या मुलाला या शाळेने एकेकाळी आपल्याला दिला तसा वडीलधारा माणूस मिळाला पाहिजे, आणि तो होण्याची पाळी आता आपली आहे.