बोलता येते, मग लिहिता का येऊ नये?

आपल्या मुलांची मराठी बोलण्यात जिवंत असते आणि कागदावर उतरताना मात्र अडखळते, हा अनुभव बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबाद येथील अनेक मराठी घरांना असेल. सहावी-सातवीतील मूल आजीशी तासभर गप्पा मारते. परंतु त्यातलाच एक प्रसंग लिहून दाखव म्हटले, की चार ओळींवर थांबते. शाळा हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमाची. इंदूरच्या मुलाला देवनागरीचा सराव असतो, पण हिंदीच्या वळणाने ‘काळा’चा ‘काला’ होतो. बडोद्याच्या मुलाला ‘ळ’ गुजरातीमुळे परिचित असतो, पण त्याचा हात शिरोरेषेविना लिहिण्यास सरावलेला. अक्षरे आठवण्यातच मन गुंतते आणि जे सांगावयाचे ते निसटून जाते.

ही गाठ सोडविण्यास घरातला मोबाइल उपयोगी पडू शकतो. गूगलने २०१७ साली मराठीसाठी बोलून लिहिण्याची सोय सुरू केली. कळफलकाची भाषा मराठी निवडावी आणि मुलाला केवळ सांगू द्यावे. सांगणे हे लिहिण्याहून हलके काम आहे, असे कोणी समजू नये. साने गुरुजींच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ची रचनाच मुळी रात्रीमागून रात्र सांगितलेल्या गोष्टींची आहे.

मात्र पडद्यावर उमटलेला मजकूर हे लेखन नव्हे. तो कच्चा माल होय. समजा, मुलाने सांगितले, “काल लाइट गेली, मग आम्ही गच्चीवर गेलो, मग आजोबांनी गोष्ट सांगितली, मग खूप मजा आली.” येथे शिक्षकांनी वा पालकांनी वाक्य सुधारून देऊ नये; प्रश्न विचारावेत. गच्चीवर काय दिसत होते? आजोबा गोष्ट सांगताना मध्येच का थांबले? ‘मजा आली’ हे शब्द न वापरता ती मजा कशी सांगशील? उत्तरे मिळू लागली, की त्या एका ओळीचा परिच्छेद होतो. यंत्र कधी घरातला खास शब्द न ओळखता भलताच शब्द लिहिते. तेथे आपला मूळ शब्द मुलाने स्वतः परत बसवावा. त्या शब्दांतच घराची ओळख असते.

वहीत खाडाखोड झाली की मुले हिरमुसतात आणि पुनर्लेखन त्यांना शिक्षेसारखे वाटते. गूगल डॉक्ससारख्या साधनात जुना मसुदाही जपला जातो. पहिला आणि तिसरा मसुदा शेजारी ठेवून दाखवावा, म्हणजे लेखन एका बैठकीत उतरत नाही, ते घडवावे लागते, हे मुलाला स्वतःच्याच मजकुरावरून कळते.

पुढे बोटांनाही सवय लावावी. इन्स्क्रिप्ट या प्रमाण कळफलकात भारतीय लिप्यांतील समान अक्षरांच्या जागा सारख्याच ठेवलेल्या आहेत. गुजराती ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर देवनागरी ‘क’. शाळेत गुजराती वा तेलुगू टंकलेखन या पद्धतीने शिकलेल्या मुलाला मराठीसाठी फारसे नव्याने शिकावे लागत नाही. शेवटचा मसुदा मात्र हातानेच वहीत उतरवावा. शिरोरेषा आणि ‘ळ’ तेथेच पक्के होतात.

आता एक धोका. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा निबंध क्षणात तयार मिळू लागला. पण गाइडातला निबंध पाठ करून उतरवणे तरी याहून वेगळे काय होते? तेव्हाही मूल त्यात नव्हते. उपाय विषय बदलण्यात आहे. ‘आमच्या देवघरातील सर्वांत जुनी वस्तू’, ‘आजीने हे शहर पहिल्यांदा पाहिले तो दिवस’ असे विषय द्यावेत. यांची उत्तरे यंत्राजवळ नाहीत. ती विचारण्यास मुलाला आजीकडेच जावे लागेल. आजीचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर लेखनाला आधार होतो आणि तो आवाजही घरात राहतो.

लिहिलेले कोणी वाचले, तर पुढचे लिहिण्याचा उत्साह येतो. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि तेथील चित्रे घेऊन आपली गोष्टही रचता येते. तेथील खाते मोठ्यांनी आपल्या देखरेखीखाली ठेवावे.

आपल्यापैकी अनेक घरांत आजोबांची पत्रे मराठीत आहेत आणि ती नातवंडांना वाचता येत नाहीत. बोलणे टिकले आणि लिहिणे सुटले, तर ही दरी पिढीगणिक वाढेल. यासाठी फार मोठे साहस नको. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक प्रसंग आणि त्याचे तीन मसुदे, एवढ्यावर या महिन्यात आरंभ करावा.