ठासणीचे पिस्तूल आणि हरणाची शिकार : एका रम्य समजुतीचा समाचार

१/ कमरेला ठासणीचे पिस्तूल लटकवून हरणाच्या मागावर निघालेला अमेरिकी रानवासी चित्रपटांत आणि संगणकीय खेळांत वारंवार भेटतो. ‘हीच खरी जुनी परंपरा’ असे त्या चित्राखाली मोठ्या अभिमानाने लिहिले जाते. हे चित्र खोटे आहे, आणि त्याची किंमत आजही जंगलातली जनावरे मोजतात.

२/ अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियाच्या जर्मन कारागिरांनी घडवलेली लांब रायफल हे रानातल्या माणसाच्या पोटापाण्याचे हत्यार होते. तिची नळी सुमारे ४० इंचांची आणि आतून आटे पाडलेली. पुढे सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी पश्चिमेच्या मोठ्या जनावरांसाठी आखूड पण जाड गोळीची रायफल केली. ज्याला मांस हवे होते, त्याने रायफल उचलली.

३/ मग पिस्तूल कशासाठी? माणसांसाठी. घोडेस्वार, नौसैनिक, द्वंद्वयुद्धाला उभे राहणारे सभ्य गृहस्थ, ही त्याची गिऱ्हाइके. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यातले १८०५ सालच्या नमुन्याचे पिस्तूल पाहावे : ०.५४ इंच व्यास, सुमारे १० इंच नळी, आत आटे नाहीत. काही पावलांवरच्या शत्रूसाठी ते पुरेसे होते. पन्नास पावलांवरच्या हरणाचे काळीज त्याने टिपावे, ही अपेक्षा ते बनवणाऱ्यांचीही नव्हती.

४/ आता हिशेब. बंदुकीच्या काळ्या दारूला गोळी ढकलण्यासाठी नळीची लांबी लागते. ०.५० इंची रायफलीत बसणारी शिशाची गोल गोळी साडेअकरा ग्रॅमची. ती सेकंदाला साडेपाचशे मीटर वेगाने सुटली तर तिच्यात सतराशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. ०.४५ इंची पिस्तुलाची गोळी सव्वाआठ ग्रॅमची, वेग पावणेतीनशे मीटर धरला तर ऊर्जा जेमतेम तीनशे ज्यूल. फरक पाच-सहा पटींचा! त्यात गोल गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते. बरगडीवर पोहोचलेली अशी गोळी फुप्फुसात अर्धवट शिरते. हरीण तिथे कोसळत नाही. ते झाडीत पळते, आणि तासन्‌तास मरत राहते. रम्य चित्रात हा भाग कधीच दाखवत नाहीत.

५/ इथे कोणीतरी १८४७ चे कोल्ट-वॉकर रिव्हॉल्व्हर पुढे करतो. आक्षेप रास्त आहे. दोन किलोंचे ते अवजड धूड, एकेका घरात ६० ग्रेन दारू, म्हणजे जवळपास चार ग्रॅम. पण ते घडले मेक्सिकोच्या युद्धासाठी, स्वारांच्या हाती देण्यासाठी. शिवाय त्याचे सिलिंडर फुटू लागले, आणि पुढच्या ड्रॅगून नमुन्यात दारू कमी करावी लागली. अपवाद म्हणून दाखवलेले हत्यारही मुळात युद्धाचेच निघते.

६/ भारतातला दाखला याहून बोलका आहे. हत्तीच्या हौद्यात बसलेले इंग्रज शिकारी जाड नळ्यांचे ‘हौदा पिस्तूल’ बाळगत. ते कशासाठी? जखमी वाघ हत्तीवर चढून आलाच तर शेवटचा उपाय म्हणून. सांबरासाठी ते कोणी काढत नसे. पचमढीच्या रानांत फिरलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८६० च्या दशकात शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांचा आग्रह मोठ्या व्यासाच्या गोल गोळीचा, भरपूर दारूचा आणि सौम्य पिळाच्या आट्यांचा होता. गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांच्या मताच्या मुळाशी आहे. असली मोठी दारू पिस्तुलात ठासली तर मनगटाचे काय होईल, हे सांगायला पुस्तक लागत नाही.

७/ तर मग ही ‘परंपरा’ आली कुठून? अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली. पेनसिल्व्हेनियात गारगोटीच्या बंदुकांसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम १९७४ पासून आहे. अशा खास हंगामांनी नवी बाजारपेठ उभी केली आणि पिस्तूल तिच्यात मागाहून शिरले. इंडियाना राज्याची अट वाचण्यासारखी आहे : ठासणीचे पिस्तूल एकबारी, किमान ०.५० इंच व्यासाचे आणि किमान १२ इंच नळीचे हवे. हार्पर्स फेरीचे अस्सल पिस्तूल या अटीत नळीवरच नापास होते! कायद्याला इतिहासातले पिस्तूल चालत नाही. चालते ते जवळजवळ आखूड रायफलच.

८/ ज्या देशात मुभा आहे तिथे कोणाला हा खेळ खेळायचाच असेल, तर निवडीला फारशी जागा उरत नाही. आटे पाडलेली लांब नळी, ०.५० किंवा ०.५४ इंच व्यास, मऊ शिशाची गोळी तेलकट चिंधीत घट्ट बसवलेली, बारीक दाण्याची काळी दारू (आधुनिक निर्धूर दारू मुळीच नाही, तिने नळी फुटते), आणि अंतर वीस-पंचवीस पावलांचे. त्यापलीकडे हरीण दिसले, तर घोडा खाली उतरवून परत फिरावे.

९/ भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही चर्चा हरणापुरती संपवली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आजही आहे. त्या कलमात शब्द बंदूक असाच आहे. पिस्तुलाचा उल्लेख नाही.