उलटा कित्ता

अक्षराला वळण यावे म्हणून कित्ता गिरविण्याची शिक्षा ज्यांनी शाळेत भोगली आहे, त्यांना उतारवयात पुन्हा एकदा, आणि तोही उलटा, कित्ता गिरवावा लागेल असे कोणी भविष्य वर्तविले असते, तर त्यांनी ते हसण्यावारी नेले असते. मजवर हा योग गेल्या पावसाळ्यात आला. बाहेर संततधार लागली होती, भाचा सुटीनिमित्त मुक्कामास होता आणि त्याच्या संगणकावर ‘काउंटर-स्ट्राइक’ नामक धुमश्चक्री चालली होती. ‘मामा, बसतोस का?’ असे त्याने केवळ शिष्टाचार म्हणून विचारले आणि मी खरोखरच बसलो. ‘या वयात हे काय?’ असा शेरा स्वयंपाकघरातून तत्काळ आला. परंतु त्यावर पुढील कार्यवाही झाली नाही.

हा खेळ 1999 साली ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या एका खेळाच्या अंगावर बांडगुळासारखा उगवला आणि पुढे मूळ वृक्षाहून थोर झाला. त्याची हल्लीची आवृत्ती 2023 सालची आहे. पाच-पाच जणांचे दोन पक्ष, आणि प्रत्येक डावाच्या आरंभी आपापल्या खजिन्यातून शस्त्रखरेदीची मुभा, असा त्यातील शिरस्ता. खजिन्याचा जमाखर्च मोठा काटेकोर असतो. आक्रमक पक्षास 2700 डॉलरांत मिळणारी एके-47 ही रायफल प्रतिपक्षाला विकतच मिळत नाही. ती हवी असेल तर पडलेल्या शत्रूची उचलावी लागते, आणि लोक जिवावर उदार होऊन ती उचलतात. कारण शिरस्त्राण घातलेल्या मस्तकावरही तिची एकच गोळी पुरते. बचाव करणाऱ्यांच्या महागड्या एम-4 ला तेवढे साधत नाही.

एवढी स्वस्त आणि एवढी घातक वस्तू विनासायास वश झाली असती तर खेळात राम उरला नसता. म्हणून निर्मात्यांनी तिला एक खोड लावून दिली आहे. तिच्या मॅगझिनमध्ये 30 गोळ्या, सेकंदास सुमारे 10 या वेगाने सुटणाऱ्या; म्हणजे बोट दाबून धरले तर तीन सेकंदांत सारा कारभार आटोपतो. त्यांतील पहिली गोळी नेम धरला तेथे जाते, पुढच्या सात-आठ जवळजवळ सरळ आकाशाची वाट धरतात, आणि त्यानंतरच्या, मद्यपी मनुष्य गल्लीच्या दोन्ही भिंती चाचपत घरी जावा तशा, डावी-उजवीकडे झोके खात सुटतात. शिवाय पडद्यावरचा क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, मधोमध निरागसपणे उभा असतो. गोळ्या त्याच्या डोक्यावरून निघून गेल्या याची वार्ताही तो देत नाही. कोणत्याही शेतकऱ्याच्या पोराने चार दिवसांत हाताळावी इतकी सुटसुटीत म्हणून मिखाईल कलाश्निकोव्ह यांची बंदूक जगभर पसरली, आणि खेळात मात्र तीच दुःसाध्य ठरली, हा विपर्यास मला अद्याप पचलेला नाही.

परंतु या बेबंदशाहीत एक गुपित आहे, आणि ते कळले त्या रात्री मला झोप आली नाही. गोळ्यांचा हा स्वैर दिसणारा मार्ग मुळीच स्वैर नाही. किंचित विखुरणे सोडले तर प्रत्येक वेळी तीच रेघ, तेच वळण, तोच झोका. जणू कोणी अदृश्य लेखनिक एकच अक्षर पुनःपुन्हा काढीत बसला आहे. आपण करावयाचे ते इतकेच, की तो वर गेला तर माउस खाली ओढावा, तो डावीकडे वळला तर आपण उजवीकडे वळावे. त्याच्या अक्षराचे प्रतिबिंब आपल्या मनगटाने त्याच क्षणी लिहावे, म्हणजे दोन्ही लेखने एकमेकांस खोडून काढतात आणि भिंतीवर उरतो तो मूठभर छिद्रांचा एक ठिपका. राजमुद्रा कोरणाऱ्या कारागिराला अक्षरे उलटी कोरावी लागत; त्याची बोटे कशी विचार करीत असतील, हे मला भिंतीसमोर कळले.

भिंत म्हणजे सरावाची. भाच्याने रिकामा सर्व्हर उघडून दिला, गोळ्या अमर्याद केल्या आणि ‘शंभर मॅगझिन, मग जेवण’ असे फर्मान काढले. ‘खेचू नकोस मामा, ओढ,’ हा त्याचा मंत्र होता. या दोन क्रियापदांत किती अंतर आहे, हे मराठीचा इतका व्यासंग करूनही मला ठाऊक नव्हते. पहिल्या आठवड्यात माझा हात सदैव उशिरा पोहोचे, दुसऱ्यात घाईने आधीच खाली जाऊन जमिनीची चाळण करी. त्यात आणखी एक वैताग असा, की चालता चालता झाडलेली गोळी भरकटते. डावीकडे धावताना थांबायचे तर उजवीकडची कळ क्षणभर दाबून पावलांना लगाम घालावा लागतो, म्हणजे तेथेही पुन्हा उलटेच! महिनाभराने ठिपका जमला. तेव्हा भाचा म्हणाला, की लांबच्या शत्रूवर ही विद्या वापरायचीच नाही. तेथे एकेक, फार तर दोन-तीन गोळ्या झाडून हात आवरायचा, आणि सगळा स्प्रे, म्हणजे बोट न उचलता केलेला गोळ्यांचा वर्षाव, फक्त अगदी जवळच्यासाठी राखायचा. हे त्याने आधी का सांगितले नाही, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही.

अखेर खेळातील ‘डस्ट टू’ नामक नकाशाच्या लांब गल्लीत, दारामागून, एक खराखुरा प्रतिस्पर्धी माझ्यासमोर आला, तो चांगला लांब होता, आणि ते मला दिसतही होते. मी बोट दाबले ते सोडलेच नाही. मनगट ओढणे विसरले, पावले थांबणे विसरली, आणि समोरच्या भिंतीवर ते अदृश्य लेखनिकाचे अक्षर, एकही मात्रा न चुकता, सुलटे उमटले. मग मी मेलो. मृत्यूनंतर खेळ हिशेब दाखवितो: मी केलेले नुकसान, एका गोळीत 27.

‘छातीवर लागली एक,’ भाचा तो आकडा वाचून म्हणाला. ‘मागच्या वेळी शून्य होतं.’