फॉरमॅट मारण्याआधी कारण विचारा, भाऊ!

मंडळी, आजची पोस्ट पुढाऱ्यांवर नाही, निवडणुकीवर नाही. पण प्रश्न सार्वजनिकच आहे. थोडी लांब आहे, वेळ काढून वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. घरगुती ग्राहकांना काही अटींवर एक वर्षाची मुदतवाढ दिली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सोय आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर पाहिजे. आता अमरावती-अकोल्यातली झेरॉक्सची दुकानं, सेवा केंद्रं, डीटीपीवाले, शाळेच्या लॅब, आमच्यासारख्या छोट्या पेपरांची ऑफिसं डोळ्यासमोर आणा. इथली कितीतरी मशीनं या अटीत बसत नाहीत. मशीन ठणठणीत, पण कंपनीच्या लेखी म्हातारं. म्हणून कोणी उबंटू टाकलं, कोणी लिनक्स मिंट. चांगलंच केलं. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि जुन्या मशीनवरही चालतं.

पण त्यानंतर एक तक्रार सारखी कानावर येते. आयकॉनवर क्लिक केलं, क्षणभर काहीतरी दिसलं, आणि गायब. पुन्हा क्लिक, पुन्हा गायब. ना मेसेज, ना काही. मग दुरुस्तीवाल्याचं ठरलेलं वाक्य येते: "भाऊ, सिस्टीम खराब झाली, फॉरमॅट मारा लागते."

माझा आक्षेप या वाक्यावर आहे. काय बिघडलं हे न पाहता केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नाही, तो अंदाज आहे. विहिरीवरची मोटर सुरू होत नाही म्हणून कोणी नवी विहीर खोदते का? आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग केबल. कॉम्प्युटरच्या बाबतीतच हे शहाणपण कुठं जाते?

आणि लिनक्सची गंमत अशी, की ते कारण लपवत नाही. आपणच विचारत नाही. आयकॉनवर क्लिक केल्यावर प्रोग्राम जे बोलतो ते आपल्याला दिसत नाही, एवढंच. तोच प्रोग्राम टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत नाव टाईप करून सुरू करा. बंद पडताना शेवटच्या दोन-चार ओळींत तो बहुतेक वेळा काहीतरी सांगून जातो.

'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही' असं आलं तर एक सुटा भाग बसवायचा राहिला आहे. त्या ओळीत त्याचं नावही लिहिलेलं असते. उबंटू २२.०४ पासून ॲपइमेज प्रकारचे प्रोग्राम अनेकांकडे उघडले नाहीत, त्याचं कारण हेच होतं. त्यांना लागणारी फ्यूजची जुनी लायब्ररी सिस्टीमसोबत येणं बंद झालं होतं. एक छोटं पॅकेज टाकलं की काम होते.

'परमिशन डिनाइड' आलं तर बरेचदा कोणीतरी आधी तो प्रोग्राम मालकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकारानं चालवलेला असतो. फाईल रूटच्या नावावर चढते, मग साध्या वापरकर्त्याला ती हात लावू देत नाही. डिस्कवर जागा उरली नसेल तर तेही लिहून येते. नको त्या फाईली काढा, विषय संपला.

'सेगमेंटेशन फॉल्ट' हा शब्द पाहून तर भले भले घाबरतात. अर्थ अगदी वऱ्हाडी आहे. प्रोग्रामनं आपला धुरा ओलांडून दुसऱ्याच्या मेमरीत नांगर घातला, आणि सिस्टीमनं त्याला तिथंच थांबवलं. आता धुरा का ओलांडला ते शोधायचं. कधी प्रोग्रामच्या सेटिंगची फाईल खराब झालेली असते, कधी ग्राफिक्स ड्रायव्हर जुळत नसतो, कधी प्रोग्राममध्येच चूक असते.

सेटिंगचा संशय असेल तर घरच्या फोल्डरमध्ये 'कॉन्फिग' नावाचं लपलेलं फोल्डर असते. त्यातल्या त्या प्रोग्रामच्या फोल्डरचं फक्त नाव बदला. डिलीट करू नका. प्रोग्राम सुरू झाला तर गुन्हेगार सापडला. याहून सोपी तपासणी म्हणजे मशीनवर दुसरं युजर अकाउंट काढा आणि त्यातून चालवून पाहा. तिथं चाललं, तर सिस्टीम चांगली आहे, बिघाड तुमच्या सेटिंगमध्ये आहे. लिबरऑफिसमध्ये तर २०१७ पासून सेफ मोडच दिलेला आहे. ग्राफिक्सचा संशय असेल तर कार्डाची मदत बंद करून प्रोग्राम चालवून पाहता येतो.

उबंटू २४.०४ मध्ये आणखी एक कारण भरलं. सुरक्षेसाठी नवा नियम आला, आणि बाहेरून उतरवलेले काही प्रोग्राम उघडताच बंद होऊ लागले. टर्मिनलमध्ये 'सँडबॉक्स' शब्द दिसला तर हे समजायचं. सँडबॉक्सच बंद करून टाकणं म्हणजे दाराची कडी काढून ठेवणं. त्यापेक्षा प्रोग्राम उबंटूच्या स्वतःच्या स्टोअरमधून घ्या.

यातल्या एकाही गोष्टीला फॉरमॅट लागत नाही. उलट फॉरमॅट मारलं आणि दोष ड्रायव्हरचा असला, तर तेच दुखणं पुन्हा दारात. मधल्या काळात ग्राहकाचे फोटो, दुकानाची उधारी, पोरीच्या प्रोजेक्टची फाईल गेलेली असते. फॉरमॅटचे पैसे वेगळे.

कोणी म्हणेल, ही लिनक्सचीच कटकट आहे, विंडोजवाल्यांना हा ताप नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं सुरू होता होताच कोसळली. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इलाज काय निघाला? मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा आणि कंपनीची एक फाईल काढून टाका. ८५ लाख मशीनं कोणी फॉरमॅट केली नाहीत. कारण सापडलं, म्हणून एका फाईलवर भागलं.

दुसरी बाजूही मान्य करतो. पीक विम्याची शेवटची तारीख आहे, दारात चाळीस कास्तकार उभे आहेत, तेव्हा टर्मिनल वाचत बसा असं सांगणारा मी शहाणा नाही. अंगठ्याचं एखादं मशीन, डिजिटल सहीचं एखादं सॉफ्टवेअर, २००१ नंतर नवी आवृत्तीच न आलेलं पेजमेकर आणि त्यातले आपले जुने मराठी फॉन्ट, ही कामं लिनक्सवर अडू शकतात. ज्याला लागते त्यानं एक विंडोज मशीन ठेवावं, त्यात कमीपणा नाही. पण 'हे इथं चालत नाही' हेसुद्धा कारण पाहूनच सांगता येते.

आता मूळ मुद्दा. कारण न विचारण्याची ही सवय कॉम्प्युटरपुरती राहिलेली नाही. दाखल्यासाठी गेलेल्या माणसाला खिडकीवर ऐकायला मिळते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." कोणता सर्व्हर, कधीपासून, कोणाकडे तक्रार केली, हे आपण विचारत नाही, आणि तेही सांगत नाहीत. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४(१)(घ) स्पष्ट सांगते, की प्रशासकीय निर्णयाचं कारण बाधित माणसाला कळवणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. मशीन बंद पडताना शेवटच्या ओळीत कारण लिहून जाते. पगारी यंत्रणेकडून तेवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

म्हणून चार गोष्टी मागतो.

एक, शाळेच्या लॅबमध्ये आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात एक तास 'एरर कसा वाचायचा' यावर ठेवा. पोरं बटणं दाबायला शिकली, बिघाड वाचायला नाही. इंग्रजीची भीती हे निम्मं कारण आहे. त्या वीस-पंचवीस शब्दांचा मराठी तक्ता भिंतीवर लावला तरी पुष्कळ.

दोन, दुरुस्तीवाल्या मित्रांनो, बिलावर एक ओळ कारणाची लिहा. ग्राहकांनो, ती ओळ मागा. आणि डेटाची कॉपी काढल्याशिवाय मशीनला हात लावू देऊ नका.

तीन, केंद्र सरकारनं २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण काढलं. सी-डॅकचं 'बॉस' लिनक्स त्याच्याही आधीपासून आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात. मग आपल्या सरकारी पोर्टलसोबत दिलं जाणारं प्रत्येक साधन लिनक्सवर तपासूनच द्यावं, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी करायला नको का?

चार, प्रोग्राममध्येच चूक सापडली तर बनवणाऱ्यांना कळवा. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या एका जोडाक्षरानं आयफोनमधली मेसेजची ॲप्स बंद पडत होती. बोभाटा झाला, आणि त्याच महिन्यात ॲपलनं दुरुस्ती दिली. आपल्या लिपीचं दुखणं आपणच सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगेल? परतवाड्याच्या नाहीतर मूर्तिजापूरच्या पोरानं शेवटच्या चार ओळी कॉपी करून पाठवल्या, तर त्याच्या दुरुस्तीचा फायदा जगातल्या सगळ्यांना होतो.

तुमच्याकडे कोणता प्रोग्राम उघडताच बंद होत असेल, तर टर्मिनलमधल्या शेवटच्या ओळी कमेंटमध्ये टाका. पासवर्ड, खातं नंबर तेवढे झाकून. जाणकार पोरं आपल्या यादीत आहेत, ते पाहतील. आणि पुढच्या वेळी कोणी "फॉरमॅट मारा लागते" म्हटलं, तर एवढंच विचारा: "काऊन?"